जयवंताबाईंचं पीठ आणि माझे टिन

१९७८ सालच्या डिसेंबरातली सकाळ. शेगडीवर तुरीची डाळ शिजत होती, ह्यांच्या डब्याच्या पोळ्या व्हायच्या होत्या, आणि मी कणकेच्या हातानंच पेन्सिल धरून यादी करत होते. आमच्या नागपूरच्या महिला मंडळातर्फे तीस मुलींना तीन दिवसांसाठी खाप्याला, कन्हान नदीकाठच्या अमराईत, तंबूत न्यायचं ठरलं होतं. खाण्यापिण्याचं माझ्याकडे. बी.ए.ला गृह-अर्थशास्त्र घेतलं होतं ना, मग दुसरं कोण पाहणार, असं अध्यक्ष सुभद्राताई म्हणाल्या आणि मीही मान डोलावली.

तेवढ्यात दाराची कडी वाजली.

दारात तिशीतली एक बाई उभी होती. निळ्या काठाचं पांढरं पातळ, काखेत झाकणाचा पितळी डबा, पायात काही नाही. मी काही विचारायच्या आतच म्हणाली, "पोरींच्या खाण्याचं तुम्हीच पाहून राहिले ना? मले प्रेमिलाताईनं सांगतलं. मी जयवंता. सक्करदऱ्याच्या तलावामांगं राहतो."

प्रेमिला म्हणजे माझी शेजारीण, तीही मंडळात. सातूचं पीठ ती एका बाईकडून घेते एवढं मला माहीत होतं. ती बाई ही.

"आम्ही टिनचं नेणार आहोत," मी म्हटलं. "तिथं चुली पेटवत बसायला नको. उघडलं की झालं."

"पाहू द्या बरं," असं म्हणून तिनं माझ्या हातातली यादी घेतली. चौथी शिकलेली होती, बोट ठेवून वाचत गेली. टिनमधले वाटाणे, टिनमधला अननस, आटवलेलं दूध, चीज, सूपची पाकिटं. ही यादी मी वाचनालयातल्या एका इंग्रजी मासिकावरून केली होती. त्यात गोऱ्या मुली तंबूसमोर बसून टिनमधून चमच्यानं काहीतरी खात असल्याचं रंगीत चित्र होतं. खरं सांगायचं तर मला ते चित्रच आवडलं होतं.

"खाप्याचं माहेर आहे माह्यं," जयवंताबाई म्हणाली. "मोटारीतून उतरलं का अमराईपर्यंत मैलभर पायवाट आहे. हे एवढे टिन पोरी नेतीन, का टिनच पोरींले नेतीन?"

मला हसू आलं. मग तिनं ओट्यापाशी बसून डबा उघडला, पाणी मागितलं, गूळ मागितला, आणि बोलता बोलता वाटीभर पीठ कालवलं. बाहेर नेण्याच्या वस्तूचं तिचं गणित सोपं होतं. वजन कमी पाहिजे, ओल नको, आणि चूल नाही पेटली तरी पोट भरलं पाहिजे. पीठ नुसत्या पाण्यातही चालतं. भाजलेल्या मुगाडाळीची आणि तांदळाची कोरडी खिचडी, मीठ-हळद लावून पुरचुंडीत बांधलेली, उकळत्या पाण्यात टाकली की झाली. जवसाची चटणी पंधरा दिवस हलत नाही. तिनं वाटी माझ्यापुढे सरकवली.

"ठेवा. माझी आंघोळ व्हायची आहे," मी म्हणाले.

माझे केस ओले होते. पाठीवर पदराला पाणी लागलं होतं. तिनं ते पाहिलं आणि वाटीवर ताटली झाकून ठेवली.

छप्पन साली ती दहा वर्षांची होती. बापाचं बोट धरून, नवं पांढरं लुगडं नेसून दीक्षेला गेली होती, हे तिनं मला नंतर सांगितलं. त्या सकाळी आमच्या ओट्यापाशी ती ज्या सरळ पाठीनं बसली होती, ती पाठ कुठून आली होती ते मला तेव्हा कळलं. मी काही जुन्या वळणाची नाही असं मी स्वतःला समजत होते. ती गेल्यावर मी ती वाटी खाल्ली. नंतर तिनं नमुन्याला काढून ठेवलेलं पीठ घेऊन आणखी एक कालवली. इतकं खमंग पीठ मी आईच्या हातचंही खाल्लं नव्हतं. पण खाल्लं ते ती गेल्यावर.

निम्मं तिचं, निम्मं माझं असं ठरलं. तीन दिवस मदतीला तिनं सोबत यायचं हेही ठरलं. आणि एक गोष्ट मी तिला आपण होऊन सांगितली. सुभद्राताई मुलींच्या एका वसतिगृहाच्या समितीवर आहेत, तिथल्या सकाळच्या न्याहारीचा विचार चालला आहे, खाप्याला मुलींना पीठ आवडलं तर वर्षभर तिथं तुमचंच लागेल. जयवंताबाईंनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, "मंग रुपरावले रोज दोन पोते भुसा आना लागते."

रुपराव तिचा नवरा. लकडगंजला एका आरा मशीनवर लाकडं ओढायचा आणि येताना सायकलवर लाकडाचा भुसा आणायचा. त्या भुशाच्या शेगडीवर ती भाजायची. मी मुद्दाम पाहायला गेले होते, गृह-अर्थशास्त्रवाली म्हणून. गहू धुऊन, ओलवून, फडक्यात बांधून ठेवलेले. ते सडून, कोंडा पाखडून, उन्हात वाळवून मग लहान लहान घाण्यांनी भाजायचे. डाळ वेगळी भाजायची. एका घाण्याला आच जरा जास्त लागली तर तिनं तो अख्खा घाणा बाजूला काढला.

"काहून? थोडाच तर लाल झाला आहे," मी म्हटलं.

"हा घरी खाऊ. पोरींले कडू लागंन."

पिठाच्या डब्याच्या तळाशी वाळलेला कडुनिंबाचा पाला, वर कोरं फडकं. अंगणात काडी पडलेली नव्हती. हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढं जे घडलं त्यात मला कशाचाच आडोसा घेता येत नाही, ते यामुळे.

खाप्याचा पहिला दिवस छान गेला. पायवाटेवर टिनच्या थैल्यांनी मुलींच्या हाताला वळ उठले. मोठ्या मुली "वजनदार पाहुणे आले हो" म्हणत त्या थैल्या एकमेकींच्या गळ्यात अडकवत होत्या. संध्याकाळी टिनमधले वाटाणे फोडणीला दिले, ते मुलींनी ताटाच्या कडेला सारले. जयवंताबाईंच्या कोरड्या खिचडीचं पातेलं मात्र बोटांनी पुसून गेलं. सुभद्राताई मला म्हणाल्या, "बाई हुशार आहे तुमची." तेवढं एक वाक्य जयवंताबाईंनी राख काढता काढता ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलींना नदीवर कुठं पाय टाकायचा, कुठं नाही, हे दाखवत होती. तिचा भाऊ गावातून येऊन उगाच तंबूंभोवती एक चक्कर मारून गेला. बहीण नागपूरच्या बायांबरोबर मानानं आली आहे हे त्याला पाहायचं होतं.

मला मात्र माझे टिन मुलींनी सारून दिल्याचं लागलं होतं. म्हणून त्या दुपारी मी अननसाचे चार मोठे टिन उघडले. निम्मा अननस संपला, निम्मा उरला. ऊन कलल्यावर भांडी आवरताना जयवंताबाईंनी विचारलं, "ताई, हे गंजात काढून ठेवू का?"

स्टीलचा गंज, म्हणजे आमच्याकडचं खोल पातेलं, मोकळा होता. तिच्या हातातच होता.

"राहू द्या," मी म्हटलं. "टिनमधलंच आहे. टिकावं म्हणूनच तर टिनमध्ये घालतात."

आता हे मी म्हणावं? घरी मी पितळेच्या पातेल्यात ताक घटकाभर राहू देत नाही. कल्हई जरा पिवळी पडली की कल्हईवाल्याला परत बसवून भांडं उजळून घेते, सासूबाई म्हणायच्या की ही पोरगी भांड्यांना जास्त जपते. आंबट वस्तू आणि धातू यांची गाठ पडली की काय होतं हे मी परीक्षेत लिहिलेलं आहे. पण टिन उघडला की तोही एक भांडंच झाला, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. दुकानातून आलेली, चिकटवलेल्या कागदावर इंग्रजी अक्षरं असलेली वस्तू माझ्या मनात त्या सगळ्या नियमांच्या बाहेर होती. जयवंताबाईंना ती अक्षरं येत नव्हती. त्यांनी नुसतं पाहिलं, आंबट आहे आणि उघडं आहे.

"बरं," ती म्हणाली, आणि टिनवर नुसती केळीची पानं झाकली.

सकाळी सगळ्यांना दुधात पीठ कालवून दिलं आणि हौशी मुलींना त्यावर अननसाचे काप. एक काप मी तोंडात टाकला. खिळा चाटल्यासारखी चव आली. टिनमधलं असंच लागत असेल, असं मी स्वतःला म्हटलं आणि पुढच्या मुलीला वाढलं.

तासा-दीड तासात पहिली मुलगी ओकली. मग दुसरी. दुपारच्या आत अकरा जणी आडव्या झाल्या. जिवावरचं काही नव्हतं, संध्याकाळपर्यंत सगळ्या उठून बसल्या, हे आता सांगता येतं. त्या वेळी मी नुसती या तंबूतून त्या तंबूत धावत होते. खाप्याहून डॉक्टर सायकलवर आले. नाड्या पाहिल्या, साखर-मिठाचं पाणी द्यायला सांगितलं आणि विचारलं, "सकाळी खाल्लं काय?"

"सातूचं पीठ," सुभद्राताई म्हणाल्या. "घरगुती. एका बाईकडून घेतलेलं."

"कुठल्या बाईकडून?"

"सक्करदऱ्याकडच्या वस्तीतली आहे."

डॉक्टरांनी मान हलवली. त्या मान हलवण्यात सगळं ठरून गेलं. मी हातात पाण्याचा जग घेऊन तिथंच उभी होते. मला तेव्हाच कळलेलं होतं. दोन मुलींनी आंबट नको म्हणून अननस घेतला नव्हता आणि पीठ मात्र दोन-दोन वाट्या खाल्लं होतं. त्या दोघी आंब्याखाली लंगडी खेळत होत्या. डॉक्टरांना एवढंच सांगायचं होतं. अननसही होता, रात्रभर उघड्या टिनमध्ये होता. दहा-बारा शब्द.

डॉक्टर गेल्यावर मी ते चार टिन उचलले, उष्ट्याच्या खड्ड्यात टाकले आणि पायानं माती लोटली. वर पाहिलं तेव्हा जयवंताबाई समोर बसलेली होती. एका मुलीचं कपाळ तिनं तळहातावर धरलं होतं. ती माझ्याकडे पाहत होती. मग मुलगी पुन्हा ओकायला लागली आणि तिनं मान खाली घातली.

जानेवारीत सुभद्राताईंच्या दिवाणखान्यात बैठक झाली. जयवंताबाईंना बोलावलं होतं. खुर्ची दिली होती, चहाही दिला होता. सुभद्राताई वाईट नाहीत, आवाज कधी चढवत नाहीत. "आम्ही तुम्हाला दोष देत नाही," त्या म्हणाल्या. "पण मुलींच्या जिवाचा प्रश्न आहे. वसतिगृहात ही जोखीम घेता यायची नाही."

जयवंताबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "त्या दिशी पोरींनी पीठच खाल्लं का आनखी काही खाल्लं, ते ताईले विचारा," ती म्हणाली. तिनं माझ्याकडे बोट केलं नाही, नुसतं पाहिलं.

सगळ्या माझ्याकडे वळल्या. प्रेमिला, सुभद्राताई, आणखी आठ-दहा जणी. माझ्या मनात काय आलं ते लपवत नाही. ज्यांच्या मुली आजारी पडल्या होत्या त्यातल्या चार जणी समोरच होत्या. गृह-अर्थशास्त्रवाली म्हणून मला मोठ्या विश्वासानं काम दिलं होतं.

"बाकी सगळं नेहमीचंच होतं," मी म्हणाले.

जयवंताबाई उठली. तिनं चहाचा कप आत नेऊन मोरीत विसळून ठेवला, कुणी सांगितलं नव्हतं, आणि दारातून चप्पल न घालताच निघाली. चप्पल तिच्याकडे नव्हतीच. अनवाणी ती पहिल्या दिवशीही होती, पण त्याचा अर्थ त्या दिवशी माझ्या लक्षात आला, इतक्यांदा ती घरी येऊन गेल्यावर.

वसतिगृहात न्याहारीला पाव सुरू झाला. आमच्या गल्लीतली तिची चार घरं एकेक करून सुटली. प्रेमिलानंही घेणं बंद केलं. "उगाच कशाला गं," ती म्हणाली, "मुलंबाळं आहेत घरात." आणि मी? मीसुद्धा घेतलं नाही. माझ्याच दारात तो पितळी डबा दिसला असता तर बायांनी विचारलं असतं की तुला कसं चालतं, आणि मग मला उत्तर द्यावं लागलं असतं. ज्या एकटीला ते पीठ निर्दोष आहे हे माहीत होतं, तिनंही ते बंद केलं. फेब्रुवारीत एकदा रिक्षातून जाताना मी तिला संत्र्यांच्या पेट्या भरणाऱ्या बायांत बसलेलं पाहिलं. भाताच्या तणसाचा थर, संत्री, पुन्हा तणस. हात भराभरा चालत होते. मी रिक्षावाल्याला थांब म्हटलं नाही.

ह्यांना सगळं सांगितलं. ते वर्तमानपत्रातून वर न पाहता म्हणाले, "झालं ते झालं. मुली बऱ्या झाल्या ना? आता कशाला उकरतेस." त्यांचंही चूक नाही. पण मला ते विसरता येईना. अननस सोडा, घरात जॅमची बाटली उघडली तरी मला तो खड्डा दिसायचा.

मार्चमध्ये एका दुपारी मी सक्करदऱ्याला गेले. जयवंताबाई अंगणात गोधडीला टाके घालत होती. शेगडी भिंतीला उलटी लावून ठेवली होती. मला पाहून उठली, पाट दिला, पाणी दिलं. मी पाणी प्याले. मग सुपारी नाही, प्रस्तावना नाही, सरळ सांगितलं. अननस, टिन, खड्डा, बैठकीतलं ते वाक्य.

तिनं सुई गोधडीत खोचून ठेवली.

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "गंज माह्या हातातच होता, ताई."

"मग तुम्ही त्या दिवशी बैठकीत का नाही सांगितलं?"

"कोनं ऐकलं असतं? म्हनल्या असत्या, आपलं पाप टिनावर ढकलून राहिली. म्हनून तं तुमच्याकडं पाह्यलं." मग ती म्हणाली, "एवढी शिकेल बाई, सांगंन, असं वाटलं मले."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. आतून रुपराव बाहेर आला, मला पाहून क्षणभर थबकला. "आता भुसा आनत नाही मी," तो मला म्हणाला, जणू हवापाण्याचं बोलावं तसं. "कोनासाठी आनू?" आणि सायकल काढून निघून गेला.

"तुमच्या माहेरी कळलं का?" मी विचारलं.

"गावातच तं झालं. डॉक्टरच्या तोंडून साऱ्या गावाले कळलं. भाऊ काही म्हनत नाही. पन भावजयीनं या खेपेले माह्या हातच्या शेवया घेतल्या नाही. म्हने, वन्सं, आमच्याकडं आहेत."

हे ती गोधडीकडे पाहून म्हणाली. वसतिगृह गेलं, गल्ली गेली, ते तिनं सांगितलं नव्हतं. हे सांगितलं.

मी भराभर बोलायला लागले. सुभद्राताईंना पुन्हा भेटते, दुसऱ्या एका शाळेत माझी ओळख आहे, तिथं शब्द टाकते, माझ्या बहिणीकडे स्वयंपाकाला बाई हवी आहे, चांगलं घर आहे. ती ऐकत राहिली. मी दमल्यावर म्हणाली, "पानी घेता का आनखी?"

"नको. तुम्ही सांगा, मी काय करू."

"करान का?"

"करीन."

तिनं बोटानं टाका दाबून पाहिला. विचार आधीच करून ठेवलेला असावा, कारण तिला शब्द शोधावे लागले नाहीत.

"येत्या रविवारी तुमच्या मंडळाची डब्बा पार्टी आहे ना अंबाझरीले? प्रेमिलाताई बाजारात भेटल्या, त्या सांगत होत्या. साऱ्या जनी येतीन, सुभद्राताई येतीन, आपापले डबे मधात ठेवतीन, एकमेकींचं खातीन." तिनं माझ्याकडे पाहिलं. "मले दुसरं काही नाही पाह्यजे, ताई. शनिवारी मी शेगडी पेटवतो. तुमच्या डब्यात माह्यं पीठ कालवून न्या, पह्यले तुम्ही खा, आन कोनाच्या हातचं आहे ते सांगून वाढा."